कोल्हापुरी चप्पल आणि राज्यांची सीमा

कोल्हापुरी चप्पल एकट्या कोल्हापूरची, असा आपला समज असतो. वस्तुतः २०१९ साली तिला मिळालेले भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचे आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. १९५६ पर्यंत हा बहुतेक मुलूख मुंबई राज्यातच होता. पुढे सीमा आखली गेली, तरी बाभळीची साल नि हिरडा घालून कातडे कमावण्याची रीत दोन्हीकडे एकच राहिली. सीमाप्रश्नावर भांडणाऱ्या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मानांकनासाठी एकत्र यावे, हे मला विशेष वाटते. मात्र मानांकनाने नाव राखले जाते, मजुरी वाढतेच असे नाही. शिवाय या हक्काचा लाभ घेण्यासाठी कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. अथणीचा असो वा कोल्हापूरचा, चपला शिवणाऱ्याला हा अर्ज कोण भरून देणार?