छायाचित्रणाचा ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यावा काय?

गेल्या दिवाळीच्या सुटींत तलासरी तालुक्यांतील एक पालक आमच्या घरीं आले. त्यांची कन्या आमच्या शाळेंतून दहावी उत्तीर्ण होऊन आतां अकरावींत शिकत आहे. ते स्वतः उंबरगांवाकडील एका कारखान्यांत कामास जातात. कुशल प्रश्न झाल्यावर त्यांनीं खिशांतून मोबाइल काढला व म्हणाले, "सर, पोरीला फोटोग्राफीचा हा ऑनलाइन कोर्स करायचा आहे. सहा हजार रुपये मागतात. पैसे आहेत, पण ते पावसाळ्याआधीं घराचे पत्रे बदलायला ठेवलेत. ती म्हणते, आज भरले नाहींत तर उद्यां फी दुप्पट होईल. तुम्ही सांगाल तसें करूं."

मुलगी दारांत उभी होती. एका बाजूस घराचें छप्पर व दुसऱ्या बाजूस मुलीची उमेद, असा तो पेंच होता. "नको" म्हणावें तर तिची उमेद खचेल. "घ्या" म्हणावें आणि उपयोग न झाला, तर पावसाळ्यांत गळणाऱ्या छपराखालीं सर्व कुटुंबास त्याची आठवण राहील. आम्हीं त्यांस एवढेंच सांगितलें कीं, एक महिना थांबा. त्या महिन्यांत काय करावयाचें तें आम्ही सांगतों. असा सल्ला आम्हीं कां दिला, हें आज सर्वांकरितां लिहीत आहों. कारण हाच प्रश्न घेऊन यंदा तीनचार घरचे लोक आमच्याकडे आले.

प्रथम हें पाहूं कीं, अभ्यासक्रम म्हणून आपण जें विकत घेतों, त्यांत असतें तरी काय? आमच्या मतें त्यांत तीन वस्तू असतात. पहिली माहिती; दुसरी सराव; आणि तिसरी जाणत्या मनुष्याची नजर, म्हणजे आपलें काम पाहून त्यांतील दोष दाखविणारें कोणी तरी. ह्या तिहींची किंमत एक नाहीं, आणि नवशिका मनुष्य फसतो तो बहुधा येथेंच.

एके काळीं माहितीच दुर्मीळ होती. फ्रान्समध्यें दागेर ह्याची पद्धति १८३९ सालीं जाहीर झाली. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु नारायण दाजी हे तींत पुढाकार घेणाऱ्यांपैकीं होते. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला, व तेथें शिकून हरिश्चंद्र चिंतामण ह्यांनीं पुढें मुंबईंत तो धंदा केला. त्या वेळीं काचेवर रसायनाचा लेप द्यावा, काच ओली आहे तोंच चित्र घ्यावें आणि लगेच अंधाऱ्या खोलींत ती धुवावी, असा प्रकार होता. एक चूक झाली कीं काच फुकट. अशा विद्येस वर्गावांचून गति नव्हती. आज तें सर्व काम मोबाइल पापणी लवण्यापूर्वीं करितो, आणि उरलेली माहिती पुस्तकांत व इंटरनेटवर विनामूल्य मिळते. म्हणून केवळ माहितीकरितां सहा हजार रुपये देणें आम्हांस रास्त वाटत नाहीं.

सराव तर कोणास विकतांच येत नाहीं. तो ज्याचा त्यानें करावयाचा असतो.

उरली जाणत्याची नजर. ती मात्र खरोखर मोलाची आहे. परंतु ती कशावर पडणार? दाखविण्यास आपल्यापाशीं चित्रेंच नसतील, तर उत्तम गुरु तरी काय दुरुस्त करील?

ह्या बाबतींत दादासाहेब फाळके ह्यांचें उदाहरण मनन करण्यासारखें आहे. १८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें जन्मलेल्या ह्या गृहस्थांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण घेतलें होतें, आणि गोध्रा येथें छायाचित्रणाचा धंदाही करून पाहिला होता. पुढें ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून आपणही असें चित्र काढावें, असें त्यांच्या मनानें घेतलें. तें शिकविणारी शाळा येथें नव्हती. त्यांनीं विलायतेहून पुस्तक मागविलें, तेथील एक चित्रपटविषयक साप्ताहिक वाचण्याचा परिपाठ ठेविला, पुष्कळ चित्रपट पाहिले व घरीं प्रयोग केले. एवढें झाल्यावर मग विम्याचे कागद तारण ठेवून ते १९१२ सालीं लंडनला गेले. तेथें त्यांनीं त्याच साप्ताहिकाच्या संपादकांची गांठ घेतली, थोडे दिवस जाणत्या लोकांचें काम जवळून पाहिलें व यंत्र खरेदी करून ते परतले. परतल्यावर कुंडींत वाटाण्याचा वेल लावून, थोड्या थोड्या अवकाशानें एकेक चित्र घेत, त्या अंकुराची वाढ त्यांनीं पडद्यावर दाखविली. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' हा त्यानंतरचा. पैशाची जोखीम त्यांनींही घेतली. परंतु आपणांस काय येतें व काय येत नाहीं, हें नेमकें कळल्यावर घेतली. लांबचें ज्ञान त्यांनीं टपालानें मिळविलें. त्यांच्या काळचा तोच दूरस्थ अभ्यास होय.

ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, दुरून मिळणारें शिक्षण आम्हांस अमान्य आहे. शिक्षण शिकणाऱ्याच्या दारीं नेणें ही तर आमच्या डहाणू तालुक्याची परंपराच आहे. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ सालीं तें केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें दिसतांच ह्या बायांनीं शाळाच कुरणांत नेली. परंतु ध्यानांत घ्यावें, कुरणांत फळा व पुस्तकें तेवढीं गेलीं नाहींत, शिक्षकही गेला. मोबाइलवरच्या अभ्यासक्रमास हीच कसोटी लावावी. त्यांतून शिक्षक खरोखर आपल्या दारीं येतो काय? कीं नुसतीं बोलतीं चित्रें येतात?

आम्हीं स्वतः एकदां असाच एक अभ्यासक्रम पैसे भरून घेतला होता. चाळीस पाठ होते. आम्हीं सर्व पाहिले आणि शेवटीं सुरेख प्रमाणपत्रही मिळालें. परंतु आमचें एकही चित्र कोणीं पाहिलें नाहीं, आणि आमचीं चित्रें होतीं तशींच राहिलीं.

आतां त्या मुलीस सांगितलेला महिन्याचा पाठ देतों. त्यास घरांतील मोबाइल व एक वही, एवढेंच साहित्य लागतें.

पहिल्या आठवड्यांत दारांतील एकच वस्तु घ्यावी. चिकूचें झाड, पाण्याचा हंडा, कांहींही. तिचें चित्र रोज सकाळीं, भर दुपारीं व सूर्य मावळतांना काढावें. वस्तु तीच, जागा तीच. बदलतो तो प्रकाश. छायाचित्र वस्तूचें नसून वस्तूवर पडलेल्या प्रकाशाचें असतें, हें ह्यावांचून कळत नाहीं.

दुसऱ्या आठवड्यांत माणसांचीं चित्रें काढावीं. आधीं त्यांची परवानगी विचारून. महालक्ष्मीच्या यात्रेंत परगांवचे लोक आमच्या आदिवासी बांधवांसमोर न विचारतां कॅमेरा धरितात, तें पाहून आम्हांस लाज वाटते. तुम्ही तसें करूं नये.

तिसऱ्या आठवड्यांत प्रकाश कमीअधिक करणें शिकावें. हंडा भरावयाचा असेल तर नळ मोठा सोडून थोडा वेळ धरावा, किंवा बारीक सोडून पुष्कळ वेळ. कॅमेऱ्यांत छिद्राचा आकार म्हणजे नळ, आणि झडप उघडी राहण्याचा अवधि म्हणजे वेळ. १/१०० सेकंदाऐवजीं १/५० सेकंद झडप उघडी ठेविली तर प्रकाश दुप्पट येतो. परंतु तेवढ्या वेळांत माणूस हलला तर तो पुसट उमटतो. तिसरी गोष्ट संवेदनशीलता. ती वाढविली कीं अंधारांतही चित्र उजळतें, पण त्यांत वाळूसारखे कण दिसूं लागतात. बहुतेक मोबाइलमध्यें छिद्र बदलतां येत नाहीं. म्हणून उरलेल्या दोहोंवरच हात बसवावा.

चौथ्या आठवड्यांत सर्व चित्रांतून दहाच निवडावीं आणि प्रत्येकाखालीं वहींत एक ओळ लिहावी कीं, ह्यांत काय साधलें व काय फसलें. जें फसलें त्याचें कारण आपणांस कळत नसेल, तर तेथें प्रश्नचिन्ह करावें.

महिना संपल्यावर वही उघडावी. वही कोरी असेल तर अभ्यासक्रम घेऊं नये. आवड अद्यापि जाहिरातीची आहे, कलेची नव्हे. वहींत प्रश्न असतील तर त्यांचीं उत्तरें प्रथम विनामूल्य ठिकाणीं शोधावीं. भारत सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या 'स्वयम्' ह्या व्यवस्थेंत पाठ फुकट असतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावयाचें असल्यास तेवढें शुल्क पडतें. हवा तो विषय त्या वेळीं चालू आहे किंवा नाहीं, हें मात्र पाहून घ्यावें. एवढ्यानेंही जे प्रश्न सुटणार नाहींत, त्यांच्याकरितां पैसे द्यावे.

पैसे देण्यापूर्वीं पालकांनीं पुढील गोष्टी विचाराव्या. शिकविणाऱ्याचीं स्वतःचीं चित्रें कोठें पाहावयास मिळतील? आमच्या मुलाचीं चित्रें कोण पाहणार व किती वेळां? पाठ मराठींत आहेत काय, नसल्यास मुलास ती भाषा समजते काय? पाठ एकदां उतरवून घेऊन मागाहून पाहतां येतात काय? कारण आमच्याकडील पाड्यांवर नेटवर्क सर्वत्र सारखें नसतें. महागडा कॅमेरा लागेल काय? पसंत न पडल्यास पैसे परत मिळतात काय? आणि "आज शेवटचा दिवस" असें कोणी म्हणत असेल, तर त्यास आजच्या दिवसापुरतें "नाहीं" म्हणावें. प्रमाणपत्राची फार चिंता करूं नये. डहाणूंतील ज्या स्टुडिओवाल्यांशीं आमची ओळख आहे, ते कामास येणाऱ्या मुलाचीं चित्रें पाहावयास मागतात; प्रमाणपत्र मागितल्याचें आम्हीं अद्यापि ऐकिलें नाहीं.

आणि नजर गांवांतही सांपडते. आमच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे ह्यांस वारली चित्रकलेकरितां २०११ सालीं पद्मश्री मिळाली. ही कला गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढली जाते, आणि पिढ्यान्पिढ्या ती जाणत्या हाताशेजारीं बसूनच शिकली गेली आहे. तीं चित्रें एकदां छायाचित्रकाराच्या दृष्टीनें पाहा. किती जागा मोकळी सोडिली आहे व नाचणाऱ्यांचें वेटोळें डोळ्यास कसें आंत ओढतें, हा पाठ आपल्या शेजारींच आहे.

आतां त्या मुलीची हकीकत. महिन्यानंतर ती वही घेऊन आली. तींत तीन प्रश्न होते. पहिला: दुपारीं अंगणांत भात पाखडणाऱ्या आजीचे डोळे काळे कां दिसतात? ह्याचें उत्तर तिनेंच लिहिलें होतें: ऊन डोक्यावर असल्यानें कपाळाची सावली डोळ्यांवर पडते, आजीस पडवींत अंगणाकडे तोंड करून बसविलें तेव्हां चेहरा खुलला. दुसरा: रात्रीं तारपा नाचाचें चित्र पुसट कां येतें? तें एका विनामूल्य पाठांतून तिला समजलें. तिसरा प्रश्न असा: "माझीं सगळीं चित्रें मला सारखींच वाटतात. चांगलें कोणतें तें कसें ओळखावें?"

हा प्रश्न वाचून आम्हांस आनंद झाला. कारण गुरूची गरज उत्पन्न झाली ती येथें. डहाणूंतील एका स्टुडिओवाल्यांकडे आम्हीं तिला नेलें. आतां ती दर शनिवारीं दुपारीं त्यांच्याकडे जाते. लग्नसराईंत सुटीच्या दिवशीं दिव्याची काठी धरून उभी राहते, आणि ते तिचीं चित्रें पाहून कोणतें ठेवावें व कोणतें टाकावें तें सांगतात. घराचे पत्रे बदलून झाले. गंमत अशी कीं, ती जाहिरात महिन्यानंतरही त्याच किमतीस "आज शेवटचा दिवस" म्हणत होती.

तरी अभ्यासक्रम वाईटच असतो असें नव्हे. आमचा दुसरा एक माजी विद्यार्थी दोन वर्षें लग्नाचीं चित्रें काढीत होता. रात्रींच्या दिव्यांत त्याचें काम अडत असे. त्यानें, शिक्षक दर आठवड्यास चित्रें तपासून शेरे देतात असा अभ्यासक्रम पाहून घेतला, आणि दिलेले पैसे त्याच मोसमांत भरून निघाले. त्याला आपली अडचण ठाऊक होती. म्हणून तो काय विकत घेत आहे हेंही ठाऊक होतें.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें अशी गोष्ट मागितली असतां लगेच "नाहीं" म्हणूं नये व लगेच पैसेही काढूं नयेत. त्यास एक वही व एक महिना द्यावा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं ती वही भरून आमच्याकडे आणावी. ती मुलगी पुढील वर्षीं कदाचित् अभ्यासक्रम घेईलही. त्या वेळीं तिचे वडील आम्हांस विचारावयास येणार नाहींत; काय घ्यावयाचें तें तीच त्यांस सांगूं शकेल.