लहर आणि शिस्त : 'फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स'मधील शैलीविचार

साहित्यकृतीच्या माध्यमांतराची चर्चा बहुधा मूळ कथानक किती राखले गेले, एवढ्यापाशीच थांबते. मूळ कृतीतील प्रश्न नव्या माध्यमात कसा पालटतो आणि त्या पालटाचा भार शैली कशी वाहते, हा विचार मागे पडतो. या दृष्टीने वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स' (२००९) हा बाहुल्यांचा सचेतनपट अभ्यसनीय ठरतो.

रोआल्ड डाल यांच्या १९७० मधील मूळ बालकथेत कोल्हा चोरी करतो ती कुटुंबाच्या पोटासाठी. अँडरसन व नोआ बॉमबाक यांच्या पटकथेत मात्र त्याने पत्नीला वचन देऊन चोरी सोडलेली आहे. तो वृत्तपत्रात स्तंभ लिहितो, कॉर्डरॉयचा सूट घालतो. तरीही तो पुन्हा चोरीकडे वळतो. भुकेची जागा येथे स्वभावाने घेतली आहे.

हा पालट शैलीतही दृग्गोचर होतो. चौकटींची रचना काटेकोर, समतोल. रंग पिवळे, नारिंगी, तपकिरी, म्हणजे शरदाचे. या शिस्तीत एकच गोष्ट बेशिस्त आहे : बाहुल्यांच्या अंगावरील केस. प्रत्येक चित्रामागे बाहुली हाताळली जाते, तेव्हा केस विस्कटतात आणि पडद्यावर सतत थरथरतात. सामान्यतः हा दोष मानून टाळला जातो. अँडरसनने तो हेतुतः राखला. सेकंदाला चोवीसऐवजी बहुतांशी बाराच हालचाली टिपल्यामुळे गतीही किंचित अडखळती राहते. सुटाच्या नीटस शिवणीबाहेर डोकावणारी ही थरथर म्हणजे दडपलेले रानटीपणच होय. न्याहारीच्या प्रसंगी सभ्यपणे बोलणारा कोल्हा क्षणार्धात अन्नावर तुटून पडतो, तेथे हे उघड होते.

पंचतंत्राशी तुलना केल्यास वेगळेपण स्पष्ट होते. दमनक हा नावापुरता कोल्हा. त्याच्या मुखातून बोलते ती मानवी राजनीती. तेथे पशू हा मुखवटा आहे. येथे माणूसपण हाच मुखवटा आहे.

या प्रश्नाचा कळस लांडग्याच्या प्रसंगात होतो. बर्फाळ डोंगरावर वस्त्रहीन लांडगा दिसतो. कोल्हा त्याच्याशी इंग्रजीत, मग लॅटिनमध्ये, मग फ्रेंचमध्ये बोलू पाहतो. उत्तर येत नाही. अखेर तो मूठ उंचावतो आणि लांडगाही मूठ उंचावतो. भाषेला जे साधले नाही ते एका मुद्रेला साधते. कोल्ह्याचे डोळे पाणावतात. परंतु तो लांडग्यामागे जात नाही, कुटुंबाकडे परततो.

अँडरसनच्या शैलीवर केवळ नटवेपणाचा आक्षेप अनेकदा घेतला जातो. या चित्रपटापुरता तरी तो टिकत नाही. सभ्यतेची किंमत कोणती, हा प्रौढांचा प्रश्न येथे उपदेशाविना मुलांपुढे ठेवला जातो, आणि तो ठेवण्याचे काम ही लहरी शैलीच करते. तिला अलंकार समजून बाजूला सारले, तर हाती उरेल ती केवळ कोंबड्यांच्या चोरीची गोष्ट.