छुप्या चरबीचे माप

मनुष्य सडपातळ असला म्हणजे त्याच्या अंगात चरबी थोडीच असणार, असे आपण सहज समजतो. परंतु हा समज नेहमीच खरा ठरत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचेच उदाहरण पाहा. दोघेही सडपातळ. उंचीच्या मानाने दोघांचे वजनही अगदी सारखे. तथापि क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजमाप केले, तेव्हा युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या अंगात शेकडा २१.२ भरली! दोघांनी आपले छायाचित्र व ही मापे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुष्कळ भारतीयांच्या अंगात चरबी अशी छपून राहते. वजनकाट्याला तिचा पत्ता लागत नाही.

चरबी हृदयाभोवतीही साठते. हृदय एका पातळ पिशवीत असते. तिला हृदयावरण म्हणतात. या आवरणाच्या आत, हृदयाच्या स्नायूला लागूनच, चरबीचा एक थर असतो. तो निरुपयोगी नव्हे. बेताचा असेल, तर तो हृदयाला इंधन पुरवितो व धक्क्यांपासून जपतो. परंतु हृदयाला रक्त पोचविणाऱ्या धमन्या याच थरातून जातात. तो वाजवीपेक्षा वाढला, तर त्यातून झिरपणारी द्रव्ये धमन्यांना अपाय करू शकतात.

मग हा थर मोजावा कसा? त्यासाठी सी. टी. स्कॅनचे यंत्र उपयोगी पडते. गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने ते घडविले, आणि १९७१ साली लंडनमध्ये त्याने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेतली गेली. हे यंत्र शरीराला न कापता त्याचे जणू पातळ काप दाखविते. कापातील प्रत्येक सूक्ष्म बिंदूला एक अंक मिळतो. पाण्याचा अंक शून्य, हवेचा उणे १०००. चरबी पाण्याहून हलकी. म्हणून तिचा अंक साधारणतः उणे १९० ते उणे ३० यांच्या दरम्यान येतो.

अंकावरून चरबी ओळखता येते; परंतु ती आवरणाच्या आतली की बाहेरची, हे अंक सांगत नाही. मेढ्याच्या परिसरातील भाताची खाचरे डोळ्यांसमोर आणा. शेजारच्या दोन खाचरांत पीक एकच, हिरवा रंगही एकच. कोणते कोणाचे, हे मधला बांधच सांगतो. हृदयावरण हा असाच बांध होय. प्रतिमेत तो रेघेसारखा बारीक दिसतो आणि कोठे कोठे दिसतही नाही. एकामागून एक कापांवर तो हाताने रेखाटण्यास तज्ज्ञाला एका रुग्णामागे सुमारे पंधरा मिनिटे लागतात.

येथे कृत्रिम बुद्धिमत्ता मदतीस आली. संशोधकांनी संगणकाला शेकडो रुग्णांच्या प्रतिमा आणि त्यांवर तज्ज्ञांनी रेखलेल्या रेषा दिल्या. संगणक स्वतःची रेषा काढी, तज्ज्ञांच्या रेषेशी ती ताडून पाही आणि फरक आढळताच आपले गणित सुधारी. असे असंख्य वेळा घडले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ८५० रुग्णांच्या प्रतिमांवरील एका अभ्यासात हेच काम संगणकाने सुमारे दोन सेकंदांत केले, आणि त्याची मापे तज्ज्ञांच्या मापांशी चांगली जुळली.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. संगणकाला जे दाखवावे, तेच तो शिकतो. परदेशातील लोकांच्या प्रतिमांवर शिकलेला संगणक आपल्याकडील सडपातळ माणसाला जोखताना चुकू शकेल. म्हणून आपल्या लोकांच्या प्रतिमांवरही त्याची कसोटी घ्यावी लागते. शिवाय माप हाती आले, तरी त्याचा अर्थ लावणे आणि रुग्णाला योग्य सल्ला देणे हे डॉक्टरांचेच काम होय. वाचलेली पंधरा मिनिटे डॉक्टरांनी रुग्णाचे म्हणणे ऐकण्यात घालविली, तर या यंत्राचे खरे सार्थक होईल.

अभ्यास

१. याज्ञिक व युडकिन यांच्या मापांवरून कोणती गोष्ट सिद्ध झाली?
२. हृदयावरणाला बांधाची उपमा का दिली आहे?
३. ‘संगणकाला जे दाखवावे, तेच तो शिकतो’ हे वाक्य स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.