शिमोनाचे भागीदार : दोघांचा धंदा, कागद आणि कर

शास्त्रपाठ : लूक 5:1-11, मत्तय 22:15-22



गनेसरेत सरोवरावरची मासे धरण्याची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. उपदेशात बहुधा जाळी, मासे आणि शिमोनाचे गुडघे टेकणे येते. दहाव्या वचनातली एक बारीक गोष्ट मात्र निसटते. याकोब व योहान हे शिमोनाचे भागीदार होते, असे लूक नोंदवतो. मूळ ग्रीक शब्द कोइनोनोस. मंडळीच्या 'सहभागिते'साठी वापरला जाणारा कोइनोनिया हा शब्द त्याच मुळाचा. मार्क 1:20 वरून कळते की जब्दीच्या मचव्यावर मजूरही होते. म्हणजे दोन मचवे, दोन घरे, मजुरांची रोजी आणि त्यातून उरलेल्याची वाटणी. तिथे कर घेणारेही होतेच. पाचव्याच अध्यायात पुढे लेवी जकातीच्या नाक्यावर बसलेला भेटतो.

हा पाठ निवडण्याचे कारण सातपुड्यातले आहे. धडगावकडे कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात. आमच्या ओळखीच्या दोन चुलतभावांनी पाड्यापाड्यांतून वाळलेला माल विकत घेऊन, दळून, पाकिटे भरून दुकानांना देणे सुरू केले. भांडवल दोघांचे, मेहनत दोघांची. बँक खाते मात्र एकाच्या नावावर, कारण त्याच्याकडेच पॅन कार्ड होते. चार वर्षे सुखाने गेली. मग पावसाळ्यात खातेदार भाऊ तापाने गेला. खात्यातले पैसे बँकेने नियमाप्रमाणे त्याच्या पत्नीला दिले. दुसऱ्याकडे आपला अर्धा वाटा दाखवणारा एक चिटोराही नव्हता. विधवा बाई म्हणते, पैसे माझ्या लेकरांचे. भाऊ म्हणतो, निम्मे माझे. दोघेही खोटे बोलत नाहीत. दोन्ही कुटुंबे एकाच प्रार्थनाघरात येतात आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात.

म्हणून भागीदारीचा लेखी दस्त आधी हवा. भारतीय भागीदारी कायदा 1932 सालचा आहे. तोंडी भागीदारीही त्याला चालते, पण काही ठरवलेच नसेल तर नफा सारखा वाटायचा, असे तो धरतो. एकाने दोन भाग भांडवल घातले असले तरी! शिवाय उलट ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी मोडते. भागीदार दोनच असतील तर ती संपतेच. तेव्हा हिशेब कोणत्या तारखेचा धरायचा, वारसांना वाटा किती महिन्यांत द्यायचा, हे दस्तात लिहावे. विधवेला धंद्यात यायचे असेल तर तिच्या संमतीने नवा दस्त करता येतो. हे बोलणे अशुभ वाटते, लोक विषय बदलतात. मी तरी इथेच अडून बसतो.

दस्त मराठीत करता येतो. भांडवलानुसार मुद्रांक शुल्क भरावे, आणि सही-अंगठ्याआधी पूर्ण मजकूर पावरी किंवा भिली बोलीत वाचून दाखवावा.

पुढे दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडची. ती सक्तीची नाही. पण ती नसेल तर माल घेऊन पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यावर संस्थेला कराराच्या आधारे दावा लावता येत नाही. आपल्या लोकांचे पैसे सर्वात जास्त अडकतात ते तिथेच. म्हणून ही नोंद करावीच. दुसरी नोंद कराची : संस्थेच्या नावाचे वेगळे पॅन. भागीदाराचे स्वतःचे पॅन इथे चालत नाही. संस्थेच्या पॅनमधले चौथे अक्षर इंग्रजी 'एफ' असते, एकट्या माणसाच्या पॅनमध्ये 'पी'. या पॅनवर संस्थेचे चालू खाते उघडते आणि दरवर्षी संस्थेचे विवरणपत्र भरावे लागते, तोटा झाला तरीही.

आता खरी मेख. एकट्या माणसाच्या उत्पन्नाला करमुक्त मर्यादा असते. नव्या कररचनेत 2025-26 या वर्षासाठी ती 4 लाख रुपये आहे. भागीदारी संस्थेला अशी मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून 30 टक्के कर आणि त्या करावर 4 टक्के उपकर. समजा दोघांच्या संस्थेला वर्षाला 2,40,000 रुपये नफा झाला. दस्तात काहीच तरतूद नसेल तर कर 74,880 रुपये! एकेकट्याने तेवढेच कमावले असते तर दमडीही लागली नसती.

वाट दस्तातच आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदारांना मोबदला देण्याचे कलम, त्याची रक्कम किंवा ती काढायची रीत, दस्तात असेल तर ठरावीक मर्यादेपर्यंत तो संस्थेच्या नफ्यातून वजा होतो. पहिल्या 6 लाखांच्या नफ्यावर 3 लाख रुपये किंवा नफ्याच्या 90 टक्के, यांतली मोठी रक्कम ही ती मर्यादा. वरच्या उदाहरणात दोघांना प्रत्येकी 1,20,000 मोबदला दिला की संस्थेकडे करपात्र काही उरत नाही आणि भागीदारही मर्यादेच्या आत राहतात. दस्ताच्या तारखेआधीचा मोबदला मात्र धरत नाहीत, म्हणून हे कलम पहिल्याच दिवशी हवे. एक कटकट आहे. एप्रिल 2025 पासून भागीदाराला वर्षात 20,000 रुपयांहून जास्त मोबदला दिला तर संस्थेने 10 टक्के कर कापून सरकारात भरायचा असतो. भागीदाराने स्वतःचे विवरणपत्र भरले की तो परत मिळतो. विक्रीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरण्याचीही सोय आहे, पण त्यात मोबदला वेगळा वजा होत नाही. काय परवडते ते जाणकारासोबत बसून पाहावे.

'आदिवासींना आयकर नाही' असे पाड्यांवर सर्रास सांगतात. ती सूट ईशान्येकडच्या ठरावीक राज्यांत व भागांत आणि लडाखमध्ये राहणाऱ्या अनुसूचित जमातींना आहे, महाराष्ट्रात नाही. स्वतःच्या शेतातल्या पिकाचे उत्पन्न सर्वांनाच आयकरमुक्त आहे, पण पाड्यावरून विकत घेतलेला आमचूर दळून विकणे हा धंदा झाला.

कैसराच्या नाण्याचा शास्त्रभाग 'मागतील ते भरा' एवढ्यावर संपवला जातो. मला तो तसा वाटत नाही. प्रभूने नाणे मागून घेतले आणि त्यावर मुद्रा कोणाची ते आधी विचारले. कैसराचा हक्क द्यायचाच. पण कागद न केल्याने 74,880 रुपये जास्त भरणे हे भक्तीत मोडत नाही.

येत्या उन्हाळ्यात, कैऱ्या उतरण्याआधी, असे दस्त बसवून द्यायचे आहेत. आपल्या मंडळीत सीए, करसल्लागार, वकील किंवा निवृत्त बँक कर्मचारी असतील तर त्यांनी एक शनिवार आमच्यासाठी राखावा. राहण्या-जेवणाची सोय प्रार्थनाघराशेजारी होईल. सोबत पावरी बोलणारा कार्यकर्ता देऊ. भागीदारांनी आधार, स्वतःचे पॅन, दोन फोटो आणि धंद्याच्या जागेचा पुरावा आणावा. आणि घरच्या बायकांनाही बरोबर आणावे.