समन्सवरचा 'समरी' हा शब्द

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी ओळखीच्या गृहस्थांकडून स्टॅम्प पेपरवर लिहून देऊन ६ लाख रुपये हातउसने घेतले होते. २ लाख बँकेतून परत केले, बाकी थकले. आता दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर, इथून समन्स आले आहे. दावा पुऱ्या ६ लाखांचा आहे आणि वर 'समरी' असे लिहिले आहे. शेजाऱ्यांचा बांधाचा दावा तालुक्याला अकरा वर्षे चालू आहे, त्यांच्या कागदांवर 'रे. मु. नं.' असते. सगळे म्हणतात, दिवाणीला घाई नसते, सुगी उरकून वकील बघ. चालेल का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : नाही, अजिबात थांबू नका. समन्स हाती पडल्याची तारीख बघा आणि तिथून १० दिवस मोजा.

शेजाऱ्यांचा आहे तो रेग्युलर मुकदमा. त्यात कैफियत द्यायला ३० दिवस मिळतात, कारण पटले तर ९० पर्यंत. पुढे मुद्दे, साक्षी, उलटतपास. तुमचा दावा वरिष्ठ स्तराकडे गेला तो केवळ रकमेमुळे. महाराष्ट्रात कनिष्ठ स्तराची मर्यादा ५ लाखांची आहे. त्याने घाबरू नका.

खरा धोका 'समरी'त आहे. लेखी करार, चेक किंवा वचनचिठ्ठीवरच्या ठरावीक रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ मध्ये ही जलद वाट आहे. इथे बचाव करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो. १० दिवसांत स्वतः किंवा वकिलामार्फत हजेरी नोंदवून पत्ता द्यायचा. ती चुकली, तर दाव्यातला मजकूर तुम्ही कबूल केला असे धरून थेट हुकूमनामा होऊ शकतो. हजर झालात, की वादी निकालासाठी दुसरे समन्स बजावतो. त्यापासून पुन्हा १० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागायची. उशीर झालाच, तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नये.

२ लाख परत केल्याची बँकेतली नोंद हा तुमचा भक्कम आधार आहे. मात्र उरलेले ४ लाख देणे आहे असे तुम्ही मान्य केलेत, तर तेवढी रक्कम न्यायालयात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. म्हणून काय कबूल करायचे, हे वकिलांशी बोलूनच लिहा. परवानगी मिळाली, की दावा नेहमीच्या वाटेने चालतो.

बँकेचा खातेउतारा उद्याच काढा. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. उत्पन्नाच्या अटीत बसलात तर मोफत वकील मिळेल.