डावाचा आरंभ

बुद्धिबळाच्या पटावर मोहरी मांडली, की पांढऱ्या बाजूने खेळणाऱ्यापुढे पहिल्या खेळीसाठी वीस वाटा मोकळ्या असतात. आठ प्याद्यांच्या सोळा आणि दोन घोड्यांच्या चार. काळ्यालाही उत्तरासाठी तितक्याच वाटा असतात. म्हणून दोघांची एकेक खेळी होते न होते तोच पटावर चारशे निरनिराळ्या स्थिती संभवतात. यांपैकी काही वाटा अनुभवी खेळाडूंनी पुनःपुन्हा चालून पाहिल्या. त्यांना नावे मिळाली, त्यांवर ग्रंथ झाले. पहिल्या दहा-बारा खेळ्यांच्या अशा मांडणीस डावाचा आरंभ म्हणतात.

अंबरनाथचा एखादा विद्यार्थी शाळेतील सोबत्यांना हरवू लागला आणि गावातील बुद्धिबळ मंडळात जाऊ लागला, असे समजा. मोहरे फुकट गमावण्याची त्याची सवय आता सुटली आहे. एका जगज्जेत्याच्या डावातील पंधरा खेळ्या तो मुखोद्गत करतो. समोर बसतात ते आयुध कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. चौथ्याच खेळीला ते एक साधे प्यादे पुढे सरकवतात. ती खेळी पुस्तकात नसते! मुलगा गोंधळतो, एकच घोडा तीनदा हलवतो, राजा मध्येच उघडा राहतो आणि विसाव्या खेळीच्या आत मात होते. खेळ्या त्याला ठाऊक होत्या. त्या का करावयाच्या हे मात्र ठाऊक नव्हते.

अशा खेळाडूस इटालियन आरंभ अधिक मानवतो. त्यात राजापुढचे प्यादे दोन घरे जाते व पटाचा मध्य धरते. राजाकडील घोडा बाहेर पडून शत्रूच्या प्याद्यावर रोख धरतो. त्याच बाजूचा उंट, काळ्याच्या ज्या प्याद्याला केवळ राजाचाच आधार असतो, त्यावर नजर ठेवतो. मग किल्लेकोट करून राजा सुरक्षित करता येतो. येथे प्रत्येक खेळीचे कारण सांगता येते. म्हणून प्रतिपक्षाने वाट सोडली तरी पुढची खेळी सुचते.

काळ्या मोहऱ्यांचा प्रश्न निराळा. त्याच्या उत्तरात आपल्या देशाचाही वाटा आहे. जुन्या देशी खेळात प्यादे एका वेळी एकच घर चाले. युरोपीय पद्धत निराळी असल्याने, तिच्याशी जुळवून घेणारा त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा ग्रंथ संस्कृतातून इंग्रजीत आणून सन १८१४ मध्ये मुंबईत छापण्यात आला. पुढे कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नावाचे बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी शेकडो डाव खेळले. महेशचंद्र देशी पद्धतीत वाढलेले. ते मध्यावर लगेच प्यादी न लोटता घोडा बाहेर काढीत, एक प्यादे एकच घर सरकवीत आणि उंटाला लांब कर्णावर बसवून दुरूनच मध्यावर मारा करीत. सन १८५५ मधील त्यांच्या एका डावात जी मांडणी दिसते, तीच सन १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने खेळून प्रसिद्ध केली. आज अशा कित्येक बचावांना ‘भारतीय’ हेच विशेषण लावतात.

कॉक्रेनशी झालेले बहुतेक डाव महेशचंद्र हरले, हेही येथे सांगितले पाहिजे. आरंभ नावाजलेला असला म्हणून डाव जिंकला जातोच असे नाही. परंतु त्यांनी निवडलेली मांडणी त्यांच्या अंगवळणी पडलेली होती, आणि ती टिकली.

म्हणून मंडळात नव्याने आलेल्याने पांढऱ्यासाठी एक आणि काळ्यासाठी दोन आरंभ निवडावे. काळ्यासाठी दोन अशाकरिता की, प्रतिपक्षी राजापुढचे प्यादे हलवील की वजिरापुढचे, हे त्याच्या हाती नसते. मग काही महिने ते बदलू नयेत. प्रत्येक डाव वहीत उतरवावा आणि हरलेल्या डावात ज्या खेळीचे कारण सांगता येत नाही, तिच्याखाली रेघ ओढावी. पुष्कळदा ती रेघ आरंभात नव्हे, तर विसाव्या-पंचविसाव्या खेळीजवळ पडते. तसे झाल्यास आरंभाचे पुस्तक मिटून ठेवावे आणि प्यादी व हत्ती यांचे अंतिम डाव अभ्यासावे.