लेकरांचा खेळ आणि घरची बोली



"फादर, पोरगं दिवसभर नुसतं खेळते. घरी गोंडीच बोलते. शाळेत त्याचं कसं होईल?" असे पालक आम्हाला अनेकदा विचारतात. काही जण या काळजीने लेकराशी घरची बोली बोलणे सोडतात आणि तिसऱ्या वर्षीच त्याच्या हाती पाटी देतात. हा उपाय योग्य आहे का, याचा आज विचार करू.

संत ऑगस्टीन यांनी इ.स. 400 च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात स्वतःच्या बालपणाविषयी सांगितले आहे. लॅटिन भाषा त्यांना दाईंच्या लाडात, घरच्यांच्या थट्टामस्करीत आणि खेळात आपोआप आली. ग्रीक मात्र शाळेत धाक व शिक्षा यांच्या बळावर शिकवली गेली, म्हणून ती नकोशी झाली. भाषा शिकताना भीतीपेक्षा कुतूहलाची शक्ती मोठी, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

असे का होते? आपल्याकडच्या तान्ह्या पोळ्याचे उदाहरण घ्या. लेकरासाठी लाकडाचा नंदी खरा बैल असतो. एरवीही ते साध्या काडीचा बैल करते. एक वस्तू दुसरीच्या जागी उभी करायची, हीच शब्दाचीही रीत आहे. "बैल" या शब्दाला शिंगे नसतात, तरी तो ऐकताच बैल डोळ्यांपुढे येतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की (1896-1934) यांनी खेळातील ही शक्ती ओळखली होती. भातुकलीत मुलगी म्हणते, "आधी पाणी आण, मग भात शिजेल." आधी-मग, तुझे-माझे, जर-तर हे सारे व्याकरण ती पुस्तकाविना शिकते.

महाराष्ट्रात हे सत्य ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कृतीत आणले. 1945 साली बोर्डी येथे त्यांचे काम सुरू झाले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांतील अंगणात त्यांनी बालवाडी भरवली. खडे, पाने, बिया हेच तिथले साहित्य होते. आज गावोगावी असलेल्या "अंगणवाडी" या नावामागे तेच अंगण आहे.

आता आपल्या जिल्ह्यांकडे पाहू. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडील वसाहतींत बंगाली बोलली जाते. "एर" म्हणणारे लेकरू अंगणवाडीत येते आणि "पाणी" ऐकते. पाणी म्हणजे काय हे त्याला ठाऊकच असते. फक्त दुसरे नाव शिकायचे असते. पण आईने आपली बोली सोडून तुटक मराठीत दोनच शब्द बोलायचे ठरवले, तर लेकराला ना बोली पुरती मिळते, ना मराठी. ते गप्प होते, आणि लोक त्याला "मंद" म्हणतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे.

म्हणून पालकांना आमच्या तीन विनंत्या आहेत. मोह वेचताना, चूल पेटवताना लेकराशी आपल्याच बोलीत भरपूर बोला. आजीला गोष्टी सांगू द्या. सहा वर्षांपर्यंत लिहिण्याची सक्ती करू नका. उलट रोज थोडा वेळ त्याच्या खेळात सामील व्हा. अंगणवाडी ताई व मदतनीस यांनीही बोलीतले चार शब्द शिकून घ्यावेत. घरचा शब्द ताईच्या तोंडून ऐकला की लेकराची भीती जाते, आणि मग मराठीही खेळाच्या ओघात येते.

बाजारात खेळणारी मुले प्रभू येशूच्या नजरेतून सुटली नव्हती (लूक 7:32). याईराच्या मुलीला त्याने उठवले, ते तिच्या घरच्या आरामाईक बोलीत. संत मार्क ग्रीकमध्ये लिहीत होते, तरी ते शब्द त्यांनी मूळ बोलीतच जपले (मार्क 5:41). ज्या बोलीत प्रभूने लेकराला हाक मारली तिची त्याला लाज वाटली नाही. आपल्यालाही आपल्या बोलीची लाज वाटू नये.

प्रभू आपल्या घरांना व लेकरांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू